मौजे मंगळ

आमच्या खोलीला कोपरे नव्हते. आई आणि मी भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या कडेला भाड्याने राहायला गेलो त्या दिवशी हे कळलं ते कपाटामुळे. हमालाने कपाट कोपऱ्यात सरकवलं, ते वीतभर अलीकडेच अडलं. त्याने खांदा लावून रेटलं, कपाट कुरकुरलं आणि तिथेच राहिलं. मग आम्ही वाकून पाहिलं. चारही कोपरे विटा-सिमेंट भरून गोल केले होते. भिंत जमिनीला मिळते तिथेही मडक्याच्या आतल्या अंगासारखा बाक होता.

"कोपरा म्हणजे भेगेचं माहेर," दारातून आवाज आला. "भेग निघाली की कोपऱ्यातूनच निघते. म्हणून काढून टाकले."

हे आमचे घरमालक. अंगात गंजीफ्रॉक, कानाला खडू खोचलेला, हातात आखूड दांड्याची हातोडी. वय पन्नाशीच्या पुढचं, पण अंग वेताच्या छडीसारखं, सतत कुठेतरी निघाल्यासारखं.

आई रत्नागिरीची. तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "अहो मालक, मग देव कुठे मांडायचे? ईशान्य कोपराच ठेवला नाहीत तुम्ही."

मालकांनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. खोलीत एक चक्कर मारली, मध्ये उभे राहिले, खडूने जमिनीवर फुली मारली. "इथे मांडा, आई. मधोमध. सगळ्या भिंतींना सारखेच."

आई त्यांच्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असेल, पण ते तिला आई म्हणाले ते कायमचं. आणि देव खरंच मधोमध बसले. येता-जाता पायात यायचे. पुढे कितीतरी वर्षांनी आई म्हणायची, "त्या घरात देवाकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं दुसऱ्या कुठल्याही घरात दिलं नाही. नाही दिलं तर ठेच लागायची."

मालक बसत नसत. मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं असं म्हणणं कमी पडेल; ते बसू शकतात हेच आमच्या डोक्यात नव्हतं. जेवायचे उभ्याने, एका हातात ताटली. पेपर वाचायचे चालत. चालताना हातोडीने जे दिसेल ते ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. भिंत, पाण्याचं पिंप, विहिरीचा रहाट. एकदा माझा जेवणाचा डबा ठोकून म्हणाले, "झाकण लूज आहे." होतंच.

ते आधी मुंबईला गोदीत बॉयलरमेकर होते. जहाजांच्या पोटातल्या टाक्यांत उतरायचं, पत्रे जोडायचे, कुठून हवा निसटते ते शोधायचं, यात त्यांची उमर गेली होती. घरातही तीच सवय. महिन्यातून एकदा ते उदबत्ती पेटवून प्रत्येक भाडेकरूच्या दाराखिडकीच्या फटीवरून फिरवायचे. धूर जरा हलला की दुसऱ्या दिवशी ती फट बुजलेली. मी संध्याकाळी ऑफिसातून आले की आई सांगायची, "आज न्हाणीघराची जाळी गेली," किंवा "आज स्वयंपाकाच्या ओट्यामागची खिडकी आक्रसली." घर रोज थोडं थोडं बदलत होतं. पाहुण्यांना घराची खूण सांगायची सोय नव्हती. आम्ही सांगितलेलं दार ते येईपर्यंत असेलच याचा भरवसा नसायचा.

शेवटी मी विचारलंच, "मालक, हे सगळं चाललंय कशासाठी?"

"ही प्रॅक्टिस आहे," ते म्हणाले. "खरं घर मंगळावर."

मला वाटलं ते मंगळवार म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. गोदीत असताना एका परदेशी जहाजाच्या इंजिनीअरने त्यांना एक जुनं मासिक दिलं होतं. त्यात मंगळावरच्या घरांचं रंगीत चित्र होतं. लाल जमीन, काळं आकाश आणि ओळीने चौकोनी घरं, सपाट छपरांची. "आधी मला हसू आलं," मालक म्हणाले. "मग राग आला. बाहेर हवा जवळजवळ नाही, आत हवा दाबून भरलेली, आणि हे घर बांधतायत पेटीसारखं! पहिल्या दिवशी कोपऱ्यातून फाटेल. चित्र काढणाऱ्याने जन्मात बॉयलर बघितलेला नाही. तेव्हाच म्हटलं, हे काम आपलं आहे. हे साहेबलोकांना जमणार नाही."

मी फोर्टातल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेब पेन्सिलीने नकाशा काढायचे, त्यावर मेणचट निळसर कापड पसरून शाईने गिरवायचं हे माझं काम. हे मालकांना कळलं त्या दिवशी ते आमच्या दारात तीनदा येऊन गेले. चौथ्या वेळी हातात पत्र्याचा एक तुकडा होता, त्यावर खडूने नकाशा. पावसाने, हाताने पुसला जातो म्हणाले. शाईत हवा होता.

तेव्हापासून माझे रविवार मंगळावर गेले. ऑफिसात वाया गेलेले कापडाचे तुकडे मी आणायची. एरवी आई ते कापड धुऊन, त्याची खळ काढून त्याचे मऊसूत रुमाल करायची. आता तिला रुमालाला कापड उरेना. नकाशा पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी विचारलं, "मालक, यात स्वयंपाकघर कुठे आहे?"

ते नकाशाभोवती फिरले. "राहिलं," म्हणाले.

"आणि संडास?"

"तेही राहिलं."

बॉयलरला ते लागत नाही, त्याला ते काय करणार! पण मग एकदा लक्षात आल्यावर त्यांनी त्या दोन गोष्टींवर जी वर्षं घालवली ती पाहण्यासारखी होती. पाणी, भांडी घासल्याचं पाणी, अंघोळीचं पाणी, श्वासातली वाफसुद्धा त्यांना वाया जाऊ द्यायची नव्हती. भाईंदरच्या विहिरींना तेव्हा मचूळ पाणी, गोडं पाणी लांबून आणावं लागायचं. त्यामुळे हा हट्ट आम्हाला वेडेपणाचा वाटला नाही. आईने फक्त एक अट घातली. तिने अंघोळ केलेलं पाणी कुठल्या झाडाला गेलं ते तिला सांगायचं नाही.

आम्ही भाडेकरू त्यांना मालक म्हणायचो. ते ऐकलं की ते किंचित थबकायचे. त्याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. गावात त्यांना कोणी मालक म्हणत नव्हतं. गावात ते 'जावय' होते. मूळचे अलिबागकडचे, लहानपणी आई-बाप गेले, मुंबईत नातेवाइकांच्या खोल्यांतून पोटभाडेकरूसारखे वाढले. आज या काकाकडे, उद्या त्या मामाकडे, अंथरूण कायम दाराशी. पुढे खारीतल्या एका कोळणीशी लग्न झालं. ती बापाची एकुलती एक, तेव्हा घर तिचं, जमीन तिची, विहीर तिची. हे त्यात राहायला आले. घरजावई. बाजारात, पारावर, दुकानात, "काय जावय?" वीस वर्षं तेच.

म्हणून मंगळ. एकदा ते मला म्हणाले, "ट्रेसरबाई, पृथ्वीवर जिथे जाल तिथे कोणीतरी आधी येऊन बसलेलं असतं. तिथे अजून कोणी बसलेलं नाही. पहिलं घर जो बांधेल त्याची जागा. त्याला कोणी जावय म्हणणार नाही."

त्यांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. थोराड, काळीसावळी, नाकात जाड नथनी. सुकी मासळी घेऊन बाजारात बसायची आणि घरी आली की नवऱ्याने दिवसभरात काय काय मोडलंय ते बघत फिरायची. नवऱ्याबद्दल कोणी काही बोललं तर भांडायला उभी राहायची. घरात स्वतः त्याला सोडायची नाही.

एका रविवारी मी नकाशा गिरवत होते. मावशी खांद्यावरून वाकून बघत राहिली. "खिडकी कुटं हाय?" तिने विचारलं.

"खिडकी नाही," मालक म्हणाले. "खिडकी म्हणजे भोक. सगळ्यात कमजोर जागा."

"मंग मी न्हाय यायची."

"अगं, तिथे बघायचं काय आहे? दगड!"

"कोन आला, कोन गेला, कसा कलनार?"

"तिथे येणार कोण आहे?"

"आज न्हाय," मावशी म्हणाली. "तू पयला जाशील, मंग सगला गाव येल. मानसा अशीच येतात. खिडकी नसली तर मी न्हाय."

हा वाद तीन-चार वर्षं चालला. मालक हटले नाहीत आणि मावशीही. माझ्याकडे त्या घराचे अकरा नकाशे झाले, एकातही खिडकी नव्हती.

मग चंद्रावर माणूस उतरला. साऱ्या भाईंदरात रेडिओपाशी गर्दी, पेढे वाटले कोणी कोणी. मालकांची मात्र झोप उडाली. अंगणात नुसत्या येरझाऱ्या. "चंद्राचं काही नाही, ती धर्मशाळा आहे," ते मला म्हणाले. "थांबायचं आणि पुढे जायचं. पण ह्यांनी पोचल्या पोचल्या काय केलं बघितलंत? झेंडा रोवला. मंगळावरही तेच करतील. झेंडा लागला की जागा गेली. आता थांबून चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, माझं अक्षर चांगलं म्हणून. ते चालत सांगत होते, मी लिहीत होते. 'अर्जदार व्यवसायाने बॉयलरमेकर असून मौजे मंगळ येथे मनुष्यवस्तीस योग्य असे पहिले घर बांधण्याची त्याची तयारी आहे. तरी तेथील पडीक जमिनीपैकी एक एकर अर्जदाराच्या नावे करावी.' मग ते थांबले. "लिहा," म्हणाले, "अर्जदार भूमिहीन आहे."

मला सोबत घेऊन ते तलाठ्याकडे गेले. त्यांचं म्हणणं, जमिनीचा अर्ज आहे ना, मग रस्ता तलाठ्यापासूनच सुरू होतो. पुढे वर जाईल. तलाठी वयस्क, दमेकरी. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मला वाटलं आता ते हसतील. ते हसले नाहीत.

"मौजे मंगळ," ते म्हणाले. "तालुका?"

"अजून पडलेला नाही," मालक म्हणाले.

"हे माझ्या हद्दीत येत नाही."

"मग कुणाच्या येतं?"

"ते मला सांगता येणार नाही. मी वर पाठवीन, वरचे त्याच्या वर पाठवतील. पण या अर्जात एक गोष्ट खोटी आहे, ती घेऊन मी अर्ज पाठवणार नाही." तलाठ्यांनी बोट ठेवलं. "तुम्ही भूमिहीन नाही."

मालकांना राग आला. "गावाला विचारा. माझ्या नावावर एक वीतभर जागा नाही."

तलाठ्यांनी मागच्या कपाटातून वही काढली, बोटाला थुंकी लावत पानं उलटली आणि वही आमच्याकडे फिरवली. "विहिरीकडची जमीन, घर, खोल्या, नारळ. सासरे वारल्यावर मुलीच्या नावे लागली. तिने दुसऱ्या वर्षी तुमच्या नावे केली. सगळी. कागदावर सही आहे तुमची."

"माझी?"

"तुमचीच. मी होतो ना तिथे. वाचून घ्या म्हटलं, बसा म्हटलं. तुम्ही बसला नाहीत. बायकोने बोट दाखवलं तिथे उभ्याउभ्या सही करून निघून गेलात."

मालकांनी अर्ज परत घेतला, घडी केली, खिशात घातला. मग ते चालायला लागले. मिठागरांच्या बांधावरून ते इतक्या झपाझप चालले की मला पळावं लागत होतं. दोन्ही बाजूंना माणसं मीठ ओढत होती. कोणीतरी हाक मारली, "काय जावय, कुठं?" त्यांनी मान वळवली नाही.

मावशी अंगणात बांबूवर बोंबील उलटे करत होती.

"जमीन कुणाची?" त्यांनी विचारलं.

"कंची?"

"ही. पायाखालची."

मावशीचे हात थांबले नाहीत. "तुझी."

"कधीपासून?"

"बा मेला त्याच्या दुसऱ्या सालापासना."

"मला का नाही सांगितलंस? वीस वर्षं गाव मला जावय म्हणतंय. मी ऐकून घेतोय. तू ऐकून घेत्येस!"

तेव्हा तिने बोंबील खाली ठेवला. "सांगून काय केला असतास? तुझा जीव कदी एका जागी हाय? धा खोल्या बदललेला मानूस तू. सांगितला असता तर इकून टाकली असतीस आनि गेला असतास कुटं तरी. मंगलावर जातंय मंगलावर जातंय म्हनतोस, पन जेवाला रोज घरी येतोस. तेवडा मला बास होता."

"मग माझ्या नावावर तरी कशाला केलीस?"

"मी तुझ्या आदी मेली तर माजे भाऊबंद तुला एक दिस ठेवनार न्हाईत," मावशी म्हणाली. "म्हनून."

मी तिथून निघून जायला हवं होतं, गेले नाही. मालकांनी जमिनीवर पडलेला एक बोंबील उचलला, झटकला आणि बांबूवर टांगला. मग दुसरा. दोघं संध्याकाळपर्यंत तेच करत होती.

पुढचे दोन दिवस हातोडी वाजली नाही. आईला करमेना. "आजारी आहेत का रे देवा," म्हणत ती दोनदा अंगणात डोकावून आली. तिसऱ्या दिवशी सकाळी मालक आमच्या दारात.

"ट्रेसरबाई, खिडकी काढा."

"पण तुम्हीच म्हणता ना, सगळ्यात कमजोर जागा?"

"म्हणतो. आहेच. पण मालकीणबाईंना खिडकी हवी असेल तर भोकासकट हिशेब बसवायचा. तो बसत नसेल तर मला काम येत नाही असा त्याचा अर्थ."

अंगणाच्या मागे त्यांनी आधीच एक गोल खोली बांधली होती. विटांची, आतून गुळगुळीत, वरून मातीचा भर घातलेली, मोठ्या वारुळासारखी. गावात तिला 'जावयाची भट्टी' म्हणत. तिला दार म्हणून मोडलेल्या जहाजाचं जाड लोखंडी झाकण, रबराची कड लावलेलं. आतल्या बाजूने चाक फिरवून घट्ट बसायचं. आता त्यांनी जहाजाचीच एक गोल खिडकी आणली, ताटाएवढी, बोटभर जाड काचेची, आणि भिंत फोडून बसवली. चार वेळा काढली, चार वेळा बसवली. उदबत्तीचा धूर हलेना तेव्हा म्हणाले, "झालं. आता राहून बघायचं. तीन दिवस."

आत पिण्याचं पाणी, भाकऱ्या, अळूच्या दहा-बारा कुंड्या आणि परातींतून पसरलेला भिजवलेला चुना. श्वासाने खराब झालेली हवा चुना ओढून घेतो हे त्यांना टाक्यांत काम करताना कळलं होतं. रविवारी सकाळी ते आत गेले. चाक फिरल्याचा आवाज आला. मी वही घेऊन बाहेर. दर तासाला ते पाटीवर लिहून काचेशी धरायचे, मी ते उतरवायचं. मावशी खिडकीशी पाट घेऊन बसली होती ती उठेचना. बाजाराला गेली नाही. आत ते गोल गोल फिरत होते, पाच पावलांत एक फेरी, आणि दर फेरीला खिडकीपाशी आले की मावशीकडे बघून भुवई उडवायचे. पहिल्या दिवशी आम्ही दोघी हसत होतो.

सोमवारी मी रजा घेतली. सकाळी पाटीवर 'डोकं जड' आलं. दुपारी अक्षर तिरकं झालं. मी वहीत तेही लिहिलं. मग मावशी एकदम म्हणाली, "बसला."

मी पाहिलं. मालक भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते.

"दमले असतील मावशी. कालपासून चालतायत."

"तो दमला तरी बसत न्हाय. हलदीच्या पाटावर बसला न्हवता मेला!" तिने काचेवर थापा मारल्या. मालकांनी डोळे उघडले, आमच्याकडे बघून गोड हसले आणि हात वर करायला गेले. हात अर्ध्यातच खाली आला.

दार बाहेरून उघडत नव्हतं. तसं ते बांधलंच नव्हतं. मंगळावर बाहेरून उघडायला असतं कोण? मी त्या लोखंडी झाकणाला नखं लावत राहिले. मावशी घरात धावली आणि वरवंटा घेऊन आली. दोन्ही हातांनी उचलून तिने तो खिडकीवर घातला. काच हलली नाही. दुसरा घाव. तिसरा. चौथ्या घावाला काच तशीच राहिली, पण भोवतीचा सिमेंटचा जोड सुटला आणि अख्खी खिडकी लोखंडी कड्यासकट आत पडली. आतून कोंदट, आंबट वास आला. मावशीने त्या भोकातून खांद्यापर्यंत हात घातला, नवऱ्याच्या गंजीफ्रॉकला धरलं आणि त्याला भिंतीवर आपटत ओरडायला लागली, "उगड! दार उगड! मानसात ये!"

किती वेळ गेला सांगता येत नाही. वारा आत जात होता. मग ते रांगत दाराशी गेले. चाक फिरलं.

आईने अंगणात गोधडी टाकली, लिंबूपाणी आणलं. त्यांना उलटी झाली, मग ते उताणे पडून राहिले. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "जोड कच्चा राहिला."

मावशीने त्यांच्या खांद्यावर फाडकन चापट मारली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

आठवडाभर गाव येऊन भट्टी बघून गेला. मला वाटलं, आता हे थांबेल. पुढच्या रविवारी मालक नवा खडू घेऊन हजर. "घर नापास झालं," म्हणाले, "खिडकी पास. आता दार बदलायचं. दार दोन्ही बाजूंनी उघडलं पाहिजे. बाहेर कोणी नाही असं धरून घर बांधलं, ती माझी चूक." आणि नकाशावर जिथे घरमालकाचं नाव लिहायचं तिथे त्यांनी माझ्याकडून दोन नावं लिहून घेतली. मावशीचं वर.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं, मी आईला घेऊन ठाण्याला गेले. निघताना मालकांनी आमच्या टेम्पोच्या चारही चाकांवर हातोडी मारून पाहिली. एका चाकावर थोडे थांबले, पण जा म्हणाले. पुढे ये-जा कमी झाली. संसार, मूल, नोकरी. मालक गेल्याचं मला बारा दिवसांनी कळलं. विहिरीवर उभे होते, रहाटाला टेकून, असं सांगणारा म्हणाला. मी धावत गेले तेव्हा मावशी तेराव्याची भांडी घासत होती. नीट बोलणंही झालं नाही.

मग मंगळावर यान उतरलं. पेपरात फोटो आला, तिथल्या जमिनीचा. मी तो कापून ठेवला आणि दिवाळीत भाईंदरला गेले. स्टेशनपासूनच ओळख लागेना. जिथे भातशेती होती तिथे विटांचे ढीग आणि अर्ध्या उभ्या इमारती. मावशीचं अंगण मात्र तसंच होतं. बांधकामवाले तिच्याकडे रोज येत होते म्हणाली, आणि ती रोज त्यांना चहा देऊन परत पाठवत होती.

मी कात्रण तिच्या हातात दिलं. तिने पदराला हात पुसले, कागद लांब धरला.

"काय हाय हे?"

"मंगळ. यंत्र उतरलंय तिथे, त्याने काढलाय."

"दगड दिसतात."

"हो."

"झाडबीड?"

"नाही."

"मानसा?"

"नाहीत, मावशी. नुसतं यंत्रच आहे."

ती कागदावर आणखी वाकली. "घर हाय का बग एकादा. नीट बग. तुला नकाशे कलतात, मला न्हाय कलत."

मला माहीत होतं. तरी मी कात्रण घेतलं, उजेडात धरलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत, दगड न् दगड बघितला. मावशी श्वास धरून उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "एकही घर नाही."

तिने श्वास सोडला. "बरा झाला," ती म्हणाली. "म्हंजे जागा कोनी घेतली न्हाय अजून."